पत्र्याच्या पोरीशी बोललेला माणूस

माझा नवरा चंद्रशेखर एका चिनी सिनेमात खलनायक आहे. हे नुसतं लिहितानाही माझं डोकं तडकतं, म्हणून आधीच लिहून मोकळी होते. समोर मी त्याला 'अहो' म्हणते, चारचौघांत 'हे' म्हणते. पण इथे मी अरे-तुरेच करणार आहे. एवढा तरी सूड मला घेऊ द्या.

चंद्रशेखर मूळचा डोंबिवलीचा, मी, म्हणजे त्याची सुहास, नागपूरची. टेक्सासमध्ये अर्विंगला येऊन आम्हाला उभं आयुष्य झालं. तो टेलिफोनच्या यंत्रणेचा इंजिनिअर. जगातल्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं याची व्यवस्था लावण्यात त्याची सगळी नोकरी गेली, आणि घरी आला की तोंडाला कुलूप. इथल्या मराठी मंडळातले लोक म्हणतात, "शेखरकाका किती शांत!" शांत कसला? शांत माणूस वेगळा आणि घुम्या वेगळा. शांत माणसाच्या शेजारी बसलं की बरं वाटतं. घुम्याच्या शेजारी बसलं की आपलं काय चुकलं ते आठवत बसावं लागतं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा हा म्हणाला, "बरं." नात झाली तेव्हा म्हणाला, "अरे वा." माझी आई गेल्याचा नागपूरहून फोन आला, तेव्हा त्याने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि बाहेर जाऊन गवत कापायला लागला. त्या मशीनच्या घरघरीत मी एकटी रडले. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

मी बोलते. भरपूर बोलते. घरात दोन माणसं असताना एक बोलतच नसेल तर दुसऱ्याला दोघांचं बोलावं लागतं. माझं बोलणं सगळ्यात जास्त कामी येतं ते दर रविवारी, देवळाच्या मागच्या खोलीतल्या मराठी शाळेत. ही शाळा मी सुरू केली. हायवेवर मी गाडी चालवत नाही, म्हणून सोडायला-आणायला चंद्रशेखर. 'मी वॉटर ड्रिंक करते' म्हणणाऱ्या पोरांच्या तोंडून 'ळ' काढताना माझा घसा बसतो, पण काढते. त्यातली पहिली पोरं आता आपली पोरं घेऊन येतात. अर्विंगमध्ये माझं दुसरं काय आहे? घर आहे, अंगणातला कढीपत्ता आहे, मैत्रीण सीमा आहे आणि ही शाळा आहे. मला पुष्कळ आहे.

आमचा मिहीर ओहायोत, डब्लिनला असतो. गेल्या वसंतापासून त्याने एकच धोशा लावला होता. "आई, तुम्ही दोघं इकडे मूव्ह व्हा ना. बेसमेंट फिनिश करून घेतलंय. सेपरेट बाथ आहे, छोटं किचन पण आहे."

"तळघरात बटाटे ठेवतात," मी म्हटलं.

"आई, प्लीज यार. बी प्रॅक्टिकल."

दर शनिवारी हाच फोन. मी नाही म्हणायची, मिहीर चिडायचा आणि फोन ठेवला की मी चंद्रशेखरकडे वळायची. "तुमचं काय म्हणणं आहे? एकदा काय ते सांगा. हो तर हो, नाही तर नाही." तो मूग गिळून टीव्हीकडे बघत राहायचा. मी रिमोट काढून घ्यायची, तर बंद टीव्हीकडे बघत राहायचा. पुढे जुलैत एक दिवस जेवताना तो आपण होऊन बोलला. "डिसेंबरात मिहीरकडे जाऊन येऊ. दोन आठवडे. तिकिटं मी काढतो." मला इतका आनंद झाला की मी सीमाला फोन करून सांगितलं. नवरा बोलला याचा आनंद! नात आरोहीसाठी मी स्वेटर विणायला घेतला.

आता तो सिनेमा.

इथल्या सीनियर सेंटरमध्ये चंद्रशेखर टेबल टेनिस खेळायला जातो. तिथे मिस्टर लिन नावाचे चिनी गृहस्थ त्याचे जोडीदार. दोघंही एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं उत्तम जमतं. या लिनचा पुतण्या सिनेमे काढतो. सिनेमे म्हणजे फोनवर बघायचे, उसनवारीच्या कॅमेऱ्यावर काढलेले. त्याला रोबो बनवणारा एक दुष्ट शास्त्रज्ञ हवा होता आणि तो भारतीय दिसायला हवा होता. लिननी चंद्रशेखरच्या भुवया दाखवल्या, झालं काम.

ऑगस्टमध्ये शूटिंग झालं, अर्विंगच्याच लास कोलिनास भागातल्या एका रिकाम्या पडलेल्या ऑफिसात. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. यंत्रमानवी म्हणून उभी केलेली पोरगी व्यायामाच्या फोमच्या चटया कापून अंगाला बांधून, त्यावर चंदेरी रंग मारून उभी होती. पाठीची चेन दिसू नये म्हणून तिला कोणी वळू देत नव्हतं. मारामारीत वापरायच्या काठ्या म्हणजे लादी पुसायच्या मॉपचे दांडे. चंद्रशेखरला कोणाचा तरी पांढरा कोट घातला होता, तो पोटावर बसत नव्हता. हा चिनी कसं बोलणार, असं मी विचारलं. पुतण्या हसून म्हणाला, काही बोलू दे, कुठल्याही भाषेत बोलू दे, फक्त रागाने तोंड हलवू दे. आवाज आम्ही नंतर दुसऱ्याचा घालणार आहोत. मी डबा ठेवून निघून आले. तो काय बोलला हे मी ऐकलं नाही. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "असंच काहीबाही."

पुतण्या चटपटीत निघाला. दिवाळीपर्यंत सिनेमा तयार होऊन इंटरनेटवर आलासुद्धा. आमच्या मंडळाचा अध्यक्ष परीक्षित, पुण्याचा, कुठल्याशा बँकेच्या आयटीत आहे आणि तीन मिनिटं फोन न बघता राहू शकत नाही; त्याला सिनेमाची जाहिरात सापडली. जाहिरातीत नुसतं संगीत आणि मध्ये चंद्रशेखरच्या भुवया. झालं, मंडळाच्या ग्रुपवर धडाका सुरू झाला. दिवाळीच्या कार्यक्रमात नाट्यगीतं रद्द, त्याऐवजी 'आपल्या लाडक्या शेखरकाकांचा चिनी चित्रपट', नंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग फराळ. चंद्रशेखरने नाही म्हटलं नाही. कसं म्हणेल? त्याच्या समजुतीप्रमाणे पडद्यावर तो चिनी बोलणार होता.

शनिवारी दुपारी एका शाळेच्या कॅफेटेरियात सगळे जमले. मी पैठणी नेसले होते. चंद्रशेखर पहिल्या रांगेत मधोमध, रेशमी झब्बा घालून. त्याच्या शेजारी मी, माझ्या शेजारी सीमा, मागच्या रांगेत माझ्या शाळेची पोरं. दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला.

सिनेमा अगदीच टाकाऊ. घरोघरी जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एका पोराला भंगारात ही पत्र्याची पोरगी सापडते. तो तिला घरी नेऊन चार्जिंगला लावतो. ती जागी होते आणि त्याच्या प्रेमात पडते. तिच्या छातीवर बॅटरीचा आकडा आहे. ती लाजली की वाढतो, रडली की उतरतो. एकमेकांकडे बघत दोघं नूडल्स खातात, तर नूडल्स संपेपर्यंत सीन संपत नाही. मग गुंड येतात, ती त्यांना मॉपच्या दांड्याने झोडते, आणि मागे एक गाडी पेटते, जी उघड उघड कॉम्प्युटरवर काढलेली आहे. पोरं खिदळत होती.

मग दार उघडून चंद्रशेखर आला. शिट्ट्या, टाळ्या! त्याने पत्र्याच्या पोरीकडे बोट केलं, भुवया चढवल्या आणि तोंड उघडलं.

"हा कोट काखेत काचतोय."

मराठीत. स्वच्छ डोंबिवलीच्या मराठीत. खाली इंग्रजीत अक्षरं आली की हा म्हणतोय, माझी निर्मिती मला परत कर! आधी कोणालाच काही कळेना आणि मग सगळा हॉल फुटला. लोक हसून हसून वाकले. पुतण्याकडे दुसऱ्याचा आवाज घालायला पैसे उरले नव्हते, आणि दुष्ट शास्त्रज्ञाची अगम्य भाषा त्याला फार शोभली, हे आम्हाला पुढे लिनकडून कळलं. तेव्हा मी फक्त हसत होते. पडद्यावर चंद्रशेखर दात ओठ खात म्हणत होता, "आज डब्यात पुन्हा उप्पीट आहे. मला उप्पीट आवडत नाही," आणि मी सीमाला कोपराने ढोसत होते. शेजारी मात्र झब्ब्यातला चंद्रशेखर ताठ झाला होता. मला वाटलं, लाजला.

मग गच्चीवरचा सीन आला. डबेवाला पोरगा जखमी होऊन पडलाय, आणि चंद्रशेखर पत्र्याच्या पोरीचा गळा धरून उभा आहे. तिच्या छातीवरचा आकडा उतरतोय. एकही कट नसलेला लांबच लांब शॉट. बहुधा पुतण्याने सांगितलं असेल की हात वर करेपर्यंत बोलत राहा. आणि हा बोलत राहिला.

"सुहासला दोन आठवड्यांचं सांगितलंय. परतीची तिकिटं काढलेलीच नाहीत. मिहीरला हो म्हणून बसलोय. जानेवारीत तो घर विकायचं बघणार आहे. तिथे गेल्यावर तिला तोच सांगेल, मला नाही जमणार. तिला काही सांगायला जावं, तर माझं वाक्य तीच पुरं करते आणि त्याला उत्तरही तीच देते. शाळा सुटली की ती मोडून पडेल हे मला कळतं. पण सांगू कसं? तुला बरं सांगता येतंय."

खाली अक्षरं होती: तुझ्या मेंदूतून त्याचं नाव मी पुसून टाकीन.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. आपल्या लोकांची एक रीत आहे. नको ते कानावर पडलं की सगळे एकदम काही ऐकलंच नाही असं दाखवतात. कोणी पिशवीत काहीतरी शोधू लागलं, कोणाला खोकला आला. सीमाने माझ्याकडे न बघता माझा हात धरला. आणि तेवढ्यात मागून उर्वीचा आवाज आला. उर्वी माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आठ वर्षांची, उच्चार खणखणीत.

"टीचर, सबटायटल राँग आहे! काका म्हणाले, यू आर नॉट कमिंग बॅक."

तिच्या आईने तिला दाबलं. पण पोरगी बरोबर होती. मीच शिकवलं होतं तिला.

मला काय झालं ते सांगते. फसवलं म्हणून राग आला, तो तर आलाच. माझं घर, माझी शाळा, माझं म्हातारपण बापलेकांनी परस्पर वाटून घेतलं होतं आणि मी मूर्खासारखी स्वेटर विणत होते. पण त्याहून मोठा राग वेगळाच होता. हा माणूस बोलू शकत होता! एका दमात, एवढी वाक्यं, एकामागून एक, सरळ. ज्यातल्या एकेका वाक्यासाठी मी आयुष्यभर त्याच्यापुढे डोकं आपटलं, ती सगळी त्याने एका फोमच्या चटया बांधलेल्या पोरीच्या पदरात टाकली होती, का तर तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. कुठल्या बाईवरून नवऱ्याशी भांडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती यायची होती तर या पत्र्याच्या भवानीवरून यावी?

परीक्षितने धावत जाऊन सिनेमा बंद केला. "जरा टेक्निकल प्रॉब्लेम आहे. आपण डायरेक्ट सत्काराकडे वळू." दिवे लागले. चंद्रशेखर उठला, म्हणजे त्याला उठवला. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. माझ्याकडे बघायची त्याची छाती नव्हती. आणि मग परीक्षितच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आता काकूंना विनंती करतो, त्यांनी दोन शब्द बोलावेत." वाक्य संपता संपता त्याने जीभ चावली. पण मी उठले होते.

माईक हातात घेतला.

"मराठी शाळा जानेवारीत नेहमीप्रमाणे सुरू होईल. पालकांनी मुलांना वेळेवर आणावं, मागच्या वर्षी फार उशीर व्हायचा. दुसरं म्हणजे, हे ओहायोला राहायला जात आहेत. एकटेच. तेव्हा हा सत्कार निरोपाचाही समजावा. फराळ घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये."

लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. दोघातिघांनी वाजवल्या आणि थांबवल्या. मी चिवडा खाल्ला, चकली खाल्ली, चकली मऊ झाली होती तेही सांगितलं आणि मग गाडीत जाऊन बसले.

गाडी तो चालवत होता. मी एक शब्द बोलले नाही. आमच्या गल्लीत वळताना त्याने उजवीकडचा कचऱ्याचा डबा उडवला. भला मोठा डबा, भर उन्हात. "डोळे फुटले का?" मी म्हटलं. तो थांबलासुद्धा नाही, तसाच गाडी घेऊन गॅरेजमध्ये शिरला.

स्वयंपाकघरात मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्याच्या खांद्यावर अजून शाल होती.

"बोला," मी म्हटलं.

तो टेबलाकडे बघत राहिला.

"तिच्याशी तर धबधबा लागला होता. माझ्यासमोर काय झालं? मिठाची गुळणी धरलीत?"

तेव्हा माझ्या मनात आलं की याला फोडून काढावा. अगदी मनापासून वाटलं. पण फोडून काढला तरी हा ब्र काढणार नाही हेही मला ठाऊक होतं. म्हणून मी म्हटलं, "ठीक आहे. समजा, मला मराठी येत नाही. एक अक्षर कळत नाही. आता बोला. नुसतं तोंड हलवा, तुमच्या त्या डायरेक्टरने सांगितलं होतं तसं."

त्याने वर बघितलं. मी चेहऱ्यावरचं सगळं पुसून टाकलं आणि परक्या बाईसारखी त्याच्याकडे बघत बसले. हे काम मला आयुष्यात इतकं जड कधी गेलं नव्हतं.

आणि तो बोलू लागला. आधी चाचरत, मग सरळ.

"उजवीकडचं दिसत नाही मला. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येणार नाही. मे महिन्यात लायब्ररीजवळ एक बाई रस्ता ओलांडत होती, ती मला दिसलीच नाही. वाचली. बोनेटवर हात आपटून ओरडली माझ्यावर. मी घरी आलो आणि गवत कापलं. मिहीरला सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्ही तिथे एकटे राहूच शकत नाही. मी हो म्हटलं. सुहासला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मी हायवे शिकते, मी चालवते. तिने चालवलंही असतं. मग मी शेजारी बसून काय करायचं? तिचं सगळं आहे इथे. माझं काय आहे? मी तिला आणायला आणि सोडायला होतो, तेवढंच माझं काम होतं. ते गेलं."

मला किती ठिकाणी तोंड उघडावंसं वाटलं! मे महिन्यापासून? आणि मला दर रविवारी देवळात सोडत होतास? शाळेतली पोरं गाडीत असायची! आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, हायवेवरून आणलंस मला! जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. पण मला मराठी येत नव्हतं. मी टेबलाची कड धरून बसून राहिले.

त्याचं बोलून झालं. त्याने शाल काढून घडी केली आणि विचारलं, "कळलं?"

मी मान हलवली. नाही.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. ते तुम्ही कोणा दुसरीला सांगितलंत. आता मला मराठी येतं. मी सुहासिनी, तुमची बायको. पहिल्यापासून सांगा. आणि माझ्याकडे बघून सांगा."

त्याने घडी केलेली शाल बाजूला सारली. मग तो म्हणाला, "सुहास, मला उजवीकडचं दिसत नाही." पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं; मी ते दातांखाली धरून ठेवलं. त्याने सगळं सांगितलं. त्या बाईचं, मिहीरचं, तिकिटांचं. या खेपेला त्याला जास्त वेळ लागला. आणि शेवटी एक वाक्य आलं, जे त्या पत्र्याच्या पोरीलाही मिळालं नव्हतं आणि मघाच्या परक्या बाईलाही नाही.

"मला ओहायोला जायचं नाहीये."

मला रडू आलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला. एवढंसं वाक्य! हे एक वाक्य वसंतात बोलला असता तर दर शनिवारची भांडणं झाली नसती, पोराला मी तोडून बोलले नसते, सगळ्या मंडळासमोर माझी शोभा झाली नसती. मी त्याला माफ केलेलं नाही, आजही नाही, आणि कधी करीन तेव्हा इथे लिहिणार नाही. मी गाडीच्या किल्ल्या उचलून माझ्या पर्समध्ये टाकल्या. मग मिहीरला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन चंद्रशेखरच्या हातात दिला.

"बाबा? एव्हरीथिंग ओके?" मिहीर म्हणाला.

"मिहीर, आम्ही येणार नाही राहायला. मी तुला हो म्हटलं होतं, ते चुकलं. मला इथेच राहायचंय."

पोरगा वैतागून म्हणाला, "बाबा, व्हॉट इज धिस? तिने सांगितलं ना असं बोलायला? आईला फोन द्या."

मी हात पुढे केला होता. चंद्रशेखरने फोन दिला नाही.

"आई इथेच आहे," तो म्हणाला. "मी बोलतोय."